डॉट पंच आणि सेंटर पंच: भोक नेमकं कुठे चुकतं?

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे डवरे, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायची अवजारं, दुरुस्तीला निघतात. गेल्या वर्षी मी लोखंडी डवऱ्याच्या दोन पट्ट्यांना चार-चार भोकं पाडली. तीन बोल्ट सरळ गेले, चौथा अडला. गोल कानशीने भोक वाढवून तो बसवला खरा, पण पट्टी हलू लागली, पास (तण कापणारं आडवं पातं) तिरपी चालली आणि तासातली उभी पऱ्हाटी उपटली गेली. फार जीव हळहळला.

माप बरोबर होतं. पंच, म्हणजे भोकाची जागा ठोकून खुणवायचं टोकदार हत्यार, चुकीचा उचलला होता.

"भाऊ, पंच तं पंचच असते नं?" शेजारचा पोरगा म्हणाला. दिसायला दोन्ही सारखेच, फरक टोकात आहे. डॉट पंचाचं टोक ६० अंशांचं, सेंटर पंचाचं ९० अंशांचं.

डॉट पंच जागा धरतो. गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून स्क्राइबरने, म्हणजे लोखंडावर ओरखडायच्या अणकुचीदार सळईने, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा ओढा आणि पंच जरा तिरपा धरून एका रेघेतून सरकवत न्या. रेघा छेदतात तिथे टोक अडकतं, बोटांना ते कळतं. तिथेच पंच उभा करून हातोडीने हलकेच टिचकी मारा. मग वाकून, उजेडात बघा. ठिपका केसभर सरकला असेल, तर पंच कलता धरून हलक्या ठोक्यांनी तो जागेवर ओढून आणता येतो. मी थेट सेंटर पंच ठोकला होता. त्याच्या जाड टोकाखाली रेघाच नीट दिसत नाहीत, आणि खोल खड्डा मागाहून हलवणं फार अवघड.

सेंटर पंचाचं काम त्यानंतरचं. तयार ठिपक्यात टोक बसवायचं, पंच काटकोनात उभा धरायचा आणि एकच नेटका ठोका द्यायचा. साध्या ड्रिल बीटचं टोक ११८ अंशांचं असतं. त्याच्या मधोमध आडवी बोथट धार असते; ती कापत नाही, लोखंड दाबत जाते. बारीक ठिपक्यात ती मावली नाही की बीट भरकटतं. १० मिलिमीटरच्या बीटला तर सेंटर पंचाचा खड्डाही अपुरा पडू शकतो, म्हणून आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावं.

जुन्या कानशीचा पंच मात्र पाणी (पोलादाचा ठिसूळ कडकपणा) उतरवल्याशिवाय करू नका. ठोक्याने त्याचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

आता मी खुणा एकाच पट्टीवर करतो, दोन्ही पट्ट्या क्लॅम्पने आवळून एकदमच भोक पाडतो, आणि पहिल्या भोकात बोल्ट कसल्यावरच दुसऱ्याला हात लावतो.