पार्श्वभूमी: दुसऱ्याच्या क्वेरीत हात घालताना – ड्रुपलमधला रीराइट, टॅग आणि ॲक्सेस-चेक

ड्रुपल ही संकेतस्थळे चालवणारी प्रणाली. तिच्यात याद्या बनवून देणाऱ्या व्ह्यूज या भागात क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, सेटिंग्ज उघडल्या की आजही एक चौकट दिसते: ‘डिसेबल एसक्यूएल रीरायटिंग’. हे नाव ज्या फंक्शनवरून पडले ते कोअरमधून, म्हणजे ड्रुपलच्या मूळ गाभ्यातून, 2011 मध्येच गेले. एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतला, मजकूर आता कोणी ‘रीराइट’ करत नाही, पण शब्द जागचा हलला नाही. पान हळू उघडते म्हणून एखादा नवखा डेव्हलपर त्या चौकटीत खूण करतो. पान खरोखरच वेगात उघडते, कारण परवानग्या तपासणारी अट क्वेरीतून गळून पडलेली असते. मग सभासदांसाठी राखलेल्या लेखांची शीर्षके लॉगिन न केलेल्या पाहुण्यालाही दिसू लागतात. चौकटीखाली इशारा लिहिलेला आहे, पण ‘रीरायटिंग’ म्हणजे परवानग्या हे त्या शब्दावरून कोणाच्या लक्षात यावे?

त्या शब्दाचे मूळ ड्रुपल 4.6 च्या, म्हणजे 2005 च्या आसपासच्या डीबी_रीराइट_एसक्यूएल या फंक्शनमध्ये आहे. तेव्हा क्वेरी म्हणजे निव्वळ एक स्ट्रिंग. मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा पूरक भाग) लिहिणाऱ्याने नोडची, म्हणजे लेख-पानांसारख्या मजकुराच्या नोंदींची, यादी मागताना ती स्ट्रिंग या फंक्शनमधून गाळून मग डीबी_क्वेरीला द्यायची, असा दंडक होता. इतर मॉड्यूल हुकमधून (कोअर ठरल्या वेळी बोलावते त्या ठरल्या नावाच्या फंक्शनमधून) जॉइन (दुसरे टेबल जोडणे), व्हेअर (अट) आणि डिस्टिंक्ट (पुनरावृत्ती गाळणे) असे तीन तुकडे परत करत आणि फंक्शन ते स्ट्रिंगमध्ये योग्य जागी घुसवत असे.

योग्य जागा सापडायची कशी, हे ड्रुपल 6 चा कोड उघडून पाहण्यासारखे आहे. आधी एक रिकर्सिव्ह रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना जुळवून मजकूर शोधणारे सूत्र) कंसांच्या जोड्या मोजत बाहेरचा व्हेअर शोधते. मग उरलेली स्ट्रिंग उलटी केली जाते आणि तिच्यात उलटे शब्द शोधले जातात: ‘पीयूओआरजी’, ‘आरईडीआरओ’, ‘टीआयएमआयएल’. म्हणजे ग्रुप, ऑर्डर आणि लिमिट शेवटच्या अक्षराकडून. इंग्रजीत तिन्ही शब्द पाच अक्षरांचे, म्हणून सापडलेल्या जागेत सरळ 5 मिळवायचे. मूळ अटीभोवती कंस टाकायचा तो तिथपर्यंत. हे चालत असे, पण कीवर्ड कॅपिटलमध्ये लिहिले असतील तरच. कोणी व्हेअर स्मॉल लिपीत लिहिला की तो सापडत नसे, दुसरा व्हेअर शेपटीला चिकटे आणि डेटाबेस सिंटॅक्स एरर देऊन मोकळा होई. कीवर्ड कॅपिटलमध्येच लिहा, हा नियम ड्रुपलमध्ये केवळ देखणेपणासाठी नव्हता. नोड टेबलाला ‘एन’ हेच टोपणनाव द्यायची सवयही इथलीच: फंक्शनचे मुख्य टेबल न सांगता ‘एन’ आणि मुख्य रकाना ‘एनआयडी’ धरला जाई.

डिस्टिंक्टने जास्त छळले. एकाच नोडला नोड_ॲक्सेस या परवानग्यांच्या टेबलात अनेक ओळी असू शकतात. त्या टेबलाशी इनर जॉइन केला की तोच नोड यादीत दोनदा-तीनदा येतो, म्हणून डिस्टिंक्ट. पण एसक्यूएलमध्ये डिस्टिंक्ट हे फंक्शन नाही, ते पूर्ण ओळीला लागते. रकान्याभोवती कंस घातला म्हणून ते त्या रकान्यापुरते होत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘डिस्टिंक्ट ऑन’ आहे, पण त्यातला रकाना ऑर्डर बायमध्ये सर्वांत आधी यावा लागतो. तारखेप्रमाणे उतरती लावलेली साधी यादी त्यामुळे पोस्टग्रेसवर कोसळत असे, आणि तोच कोड मायएसक्यूएलवर बिनबोभाट चाले.

5 जानेवारी 2011 रोजी आलेल्या ड्रुपल 7 ने स्ट्रिंगची ही कसरत संपवली. पीएचपी भाषेच्या पीडीओ या डेटाबेस-जोडणीवर उभारलेला नवा डेटाबेस थर आला आणि डीबी_सिलेक्ट ऑब्जेक्ट देऊ लागले. त्या ऑब्जेक्टला फील्ड, अट, जॉइन, क्रम वेगवेगळे जोडता येतात, आणि चालवण्याच्या क्षणापर्यंत दुसरे मॉड्यूल हुक_क्वेरी_ऑल्टरमधून तो बदलू शकते. सरळ स्ट्रिंग घेणारे डीबी_क्वेरी राहिले, ते वेगवानही होते, मात्र त्यातली क्वेरी कोणालाच बदलता येत नसे.

टॅग या शब्दाचा घोळही तेव्हापासूनचा. टॅग स्वतः काहीच करत नाही, ती नुसती चिठ्ठी आहे. क्वेरीला ‘नोड_ॲक्सेस’ टॅग लावला की क्वेरी चालण्याआधी हुक_क्वेरी_नोड_ॲक्सेस_ऑल्टर नावाचे हुक बोलावले जाते. ते कोणी लिहिलेच नसेल तर काहीही होत नाही. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या गावीही नसते: क्वेरीला एकही टॅग नसेल, तर सर्वसाधारण हुक_क्वेरी_ऑल्टरसुद्धा चालत नाही. ‘माझा ऑल्टर हुक लागतच नाही’ अशी तक्रार असेल, तर पहिल्यांदा क्वेरी डायनॅमिक (स्ट्रिंग नव्हे, ऑब्जेक्ट म्हणून बांधलेली) आहे का आणि तिला निदान एक टॅग आहे का, एवढे पाहावे. बहुतेकदा तपास तिथेच संपतो.

हुकच्या आत शिरल्यावर चुका ठरलेल्या. गेटफील्ड्स, गेटऑर्डरबाय आणि कंडिशन्स या मेथड रेफरन्सने ॲरे देतात. त्यामुळे पीएचपीत नेमणूक करताना अँपरसँड लावला नाही, तर बदल फक्त प्रतीत होतो आणि क्वेरी जशीच्या तशी राहते. अटींच्या ॲरेमध्ये ‘#कंजंक्शन’ ही एक किल्लीही असते. लूपमध्ये ती वगळली नाही, तर अट समजून एका स्ट्रिंगचे तुकडे पाडायचा प्रयत्न होतो. जॉइन मेथड ऑब्जेक्ट परत देत नाही, टोपणनाव देते. म्हणून तिच्यापुढे साखळी लांबवता येत नाही, आणि परत आलेले टोपणनाव एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावेच लागते. ‘एनए’ हे नाव आधीच कोणी घेतले असेल, तर तुमच्या टेबलाला ‘एनए_2’ मिळते. पुढच्या अटीत तुम्ही हाताने ‘एनए’ लिहिलेत, तर अट भलत्याच टेबलाला लागते. एररही येत नाही. पेजरसाठी एक्स्टेंड वापरताना तर परत आलेला ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये घ्यायचे राहिले की पाने पडतच नाहीत, कारण एक्स्टेंड मूळ क्वेरी बदलत नाही, तिच्याभोवती नवे वेष्टन चढवते.

डिस्टिंक्टची कटकट कोअरने याच आवृत्तीत मिटवली. नोड_ॲक्सेसशी जॉइन न करता एक्झिस्ट्स असलेली सबक्वेरी लावली जाऊ लागली: या नोडसाठी, या वापरकर्त्याच्या रेल्म (परवानगीचा प्रकार) आणि जीआयडी (त्यातला गट क्रमांक) यांपैकी एक तरी ग्रँट_व्ह्यू 1, म्हणजे पाहण्याची परवानगी, असलेली ओळ आहे का, एवढेच विचारायचे. ओळी दुप्पट होण्याचा प्रश्नच उरत नाही. स्वतःच्या मॉड्यूलमध्ये एकास-अनेक टेबलावरून गाळणी लावायची असेल, तरी हाच मार्ग धरावा. जॉइन करून वर डिस्टिंक्ट लावणाऱ्यांना पुढे मोजणीच्या क्वेरीत आणि क्रमवारीत त्याची किंमत द्यावी लागते. एक खाच मात्र एक्झिस्ट्सलाही आहे. नोड टेबल लेफ्ट जॉइनने, म्हणजे जुळणी नसलेल्या ओळीही राखत, जोडलेले असेल, तर ज्या ओळीला नोडच नाही तिचा एनआयडी नल असतो, एक्झिस्ट्स खोटे ठरते आणि ती ओळ उगाच गायब होते.

आणि टॅग लावलेल्या क्वेरीत नोडचे टेबल कोणते? क्वेरीला जोडलेल्या मेटाडेटामध्ये ‘बेस_टेबल’ सांगितले नसेल, तर ड्रुपल 7 चे कोअर आधी ‘नोड’ नावाचे टेबल शोधत असे. तेही नसेल, तर स्कीमातल्या (टेबलांच्या रचनेच्या वर्णनातल्या) फॉरेन कीवरून, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीवरून, ठरवत असे; फॉरेन कीच लिहिलेल्या नसतील, तर ‘एनआयडी’ रकाना असलेल्या टेबलावरून अंदाज बांधत असे आणि लॉगमध्ये हे सुरक्षित नसेल असा इशारा लिहीत असे. तोही मार्ग खुंटला की एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी त्रुटी. स्कीमा हुकमध्ये फॉरेन की लिहिण्याचा आळस करणाऱ्यांना हा इशारा चांगला परिचयाचा होता.

(वर्डप्रेस या दुसऱ्या संकेतस्थळ-प्रणालीने वेगळी वाट धरली. तिथे पोस्ट्स_व्हेअर, पोस्ट्स_जॉइन हे फिल्टर अजूनही मजकुराचे तुकडेच हाती देतात. शिवाय गेट_पोस्ट्स वापरले तर सप्रेस_फिल्टर्स आपोआप चालू असते, म्हणून तुमचा फिल्टर एका यादीला लागतो आणि शेजारच्या यादीला लागत नाही.)

ड्रुपल 7 च्या नव्या डेटाबेस थराने एक मोठा दणकाही दिला. 15 ऑक्टोबर 2014 रोजी 7.32 प्रसिद्ध झाली ती याच थरातली एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत घुसखोरीची) त्रुटी बुजवण्यासाठी. ‘इन’ अटीला ॲरे दिला की त्याच्या किल्ल्या प्लेसहोल्डरच्या (मूल्यासाठी राखलेल्या जागेच्या) नावात जशाच्या तशा जात होत्या, आणि किल्ल्या तर फॉर्ममधून येणाराच ठरवतो. दुरुस्ती एका ओळीची: फक्त मूल्ये घ्या, किल्ल्या नव्याने मोजा. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले होते.

ड्रुपल 8 (नोव्हेंबर 2015) पासून लोक सिलेक्टऐवजी एन्टिटी क्वेरी (टेबलांऐवजी नोड, वापरकर्ता अशा एन्टिटी थेट मागणारी) जास्त लिहू लागले, आणि खरा वाद तिथे पेटला. एन्टिटी क्वेरीत ॲक्सेस-चेक, म्हणजे परवानगीची तपासणी, न सांगता चालू ठेवायचे ठरले. तोवर विसरणाऱ्याची चूक एकाच दिशेची होती: ड्रुपल 6 मध्ये रीराइट विसरलात, 7 मध्ये टॅग विसरलात, तर जास्तीचे दिसे. मजकूर फुटे. आता विसरलात तर कमी दिसू लागले. सुरक्षेच्या बाजूने झुकणे योग्यच, असे वरकरणी वाटते. पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) किंवा कमांड लाइनवर चालणाऱ्या कोडला सहसा वापरकर्ताच नसतो, तिथे अनामिक पाहुणा गृहीत धरला जातो. जुने नोड उडवणारे, दुसऱ्या सिस्टिमला माहिती पाठवणारे, अपडेट हुकमध्ये फील्ड भरणारे कोड त्या पाहुण्याला दिसतील तेवढ्याच नोडवर काम करत आणि यशस्वी झाल्याचे सांगत. निम्म्या नोडचे फील्ड रिकामे राहिल्याचे पुढे कधीतरी कळे.

त्यातली मेख अशी की हे प्रत्येक साइटवर घडत नसे. नोड ग्रँट्स (कोणता नोड कोणाला दिसावा याचे नियम) पुरवणारे एकही मॉड्यूल चालू नसेल, तर कोअरचा ऑल्टर हुक पहिल्या काही ओळींतच परत फिरतो. ‘बायपास नोड ॲक्सेस’ परवानगी असलेल्यासाठीही तसेच. परिणामी डेव्हलपर सगळ्या परवानग्या असलेल्या पहिल्या क्रमांकाच्या खात्यातून तपासतो, सगळे ठीक दिसते. साइट वर्षानुवर्षे नीट चालते. मग कोणीतरी सभासदांपुरते लेख ठेवण्यासाठी ग्रँट्सचे मॉड्यूल बसवते, परवानग्या रीबिल्ड होतात आणि ज्या कोडला कोणी हात लावलेला नाही तो त्या रात्रीपासून वेगळे आकडे देऊ लागतो.

याची दुसरी बाजू अधिक घातक आहे. ॲक्सेस-चेक ‘ट्रू’ म्हणजे अप्रकाशित मजकूर गाळला जाईल, अशी समजूत सर्रास आढळते. ग्रँट्स नसलेल्या साइटवर तसे घडत नाही. ‘स्टेटस’ बरोबर 1 ही अट स्वतः लिहावी लागते, नाहीतर मसुदेही यादीत येतात. आणि नोड सोडून इतर एन्टिटींसाठी ही चिठ्ठी वाचणारा कोणी आहे का, हे त्या एन्टिटीचे मॉड्यूल पाहूनच ठरते. टॅग लागतो ‘एन्टिटीचे नाव_ॲक्सेस’ असा, आणि पुष्कळदा त्याचा हुक कुठेच नसतो.

तोडगा दोन टप्प्यांत आला. 9.2 पासून (जून 2021) ॲक्सेस-चेक न सांगितल्यास डेप्रिकेशनची (ही पद्धत पुढे बंद होणार अशी) सूचना येऊ लागली. ड्रुपल 10 मध्ये (डिसेंबर 2022) कंटेंट एन्टिटीच्या क्वेरीवर सरळ एक्सेप्शन: तपासायचे की नाही ते स्पष्ट सांगा. कॉन्फिग (साइटच्या सेटिंग्जच्या) एन्टिटींना ही सक्ती नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की सुरक्षित डीफॉल्ट काढून घेऊन हजारो ओळींना हात लावायला लावणे हा नुसता उपद्व्याप आहे. उपद्व्याप होता, यात शंका नाही. तरीही निर्णय बरोबर होता आणि सात वर्षे उशिरा आला. ‘फॉल्स’ लिहिलेले दिसले की रिव्ह्यू करणारा थांबून विचारतो. न लिहिलेले कोणाच्या नजरेस पडत नव्हते.

मात्र आवृत्ती बदलताना जे झाले ते फारसे कौतुकाचे नाही. स्टॅटिक ॲनालिसिसची (कोड न चालवता तपासणारी) साधने राहिलेल्या जागा दाखवत, आणि त्या जागी शोधा-बदला करून सरसकट ‘ट्रू’ भरले जाई, म्हणजे जुनीच चूक आता अधिकृत अक्षरांत. अशा कोडचे रिव्ह्यू करताना विचारायचे ते एवढेच: हे उत्तर एखाद्या माणसाला दाखवायचे आहे, की सिस्टिमला स्वतःच्या कामासाठी हवे आहे? माणसासाठी ‘ट्रू’ आणि जोडीला स्टेटसची अट. क्रॉन, अपडेट हुक, एकमेव नाव आहे का ही तपासणी, फील्डमध्ये माहिती आहे का ही मोजणी: इथे ‘फॉल्स’. कोअरने ड्रुपल 7 मध्येच फील्डमध्ये माहिती आहे का हे पाहणाऱ्या क्वेरीला एक खास टॅग लावून परवानग्या निष्प्रभ केल्या होत्या. त्या टॅगचे नाव ‘डेंजरस_ॲक्सेस_चेक_ऑप्ट_आउट’, तेही सगळे कॅपिटलमध्ये. एवढे भीतीदायक नाव ठेवले की कोणी सहज कॉपी करणार नाही, असा हिशेब असावा.

11.1 पासून हुक फाइलमधल्या फंक्शनऐवजी क्लासमधल्या मेथडवर ॲट्रिब्यूट लावून लिहिता येतात. ॲट्रिब्यूटमध्ये द्यायचे नाव मात्र तेच: ‘क्वेरी_नोड_ॲक्सेस_ऑल्टर’. आणि व्ह्यूजमधली ती चौकट अजून जागेवर आहे, ‘रीरायटिंग’सकट.