मूडलवरचे अंतर्गत गुण परीक्षा विभागाला पाठवण्याआधी काय तपासावे

सत्र संपत आले की परीक्षा विभागाची सूचना येते : अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अमुक तारखेपर्यंत पोर्टलवर भरावेत. असाइनमेंट आणि क्विझ मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर घेतलेल्या असतील तर बेरीज तयारच असते, एक्सेल उतरवली की काम झाले, असे वाटते. पण मूडल बेरीज करते ती कोर्समधल्या सेटिंगप्रमाणे. तिला आपल्या विद्यापीठाची मूल्यमापन योजना ठाऊक नसते. गुण पोर्टलवर कायम झाल्यानंतर चूक सापडली, तर अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची सही, परीक्षा विभागाची मंजुरी असे सगळे करावे लागते. तोवर निकाल अडकतो तो विद्यार्थ्याचा. म्हणून पाठवण्याआधीचे दोन तास सढळ हाताने द्यावेत.

कोणी तपासायचे, काय हाताशी ठेवायचे

विषय ज्यांच्याकडे नेमून दिला आहे त्यांनीच गुण पाठवायचे असतात. मूडलवर त्यांची भूमिका ‘टीचर’ असायला हवी. ‘नॉन-एडिटिंग टीचर’ला गुण देता येतात, पण ग्रेडबुकची (मूडलवरच्या गुणांच्या तक्त्याची) मांडणी बदलता येत नाही. अभ्यागत प्राध्यापकांना बऱ्याचदा हीच भूमिका दिलेली असते, तेव्हा ती आधीच बदलून घ्यावी.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे अभ्यासक्रमातला मूल्यमापन योजनेचा तक्ता. कशाला किती गुण, किती चाचण्या, सर्वोत्तम किती धरायच्या, हे तिथे लिहिलेले असते. त्याबरोबर परीक्षा अर्ज भरलेल्यांची पीआरएनसह (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकासह) यादी, उशिरा काम स्वीकारले असल्यास विद्यार्थ्यांचे अर्ज व वैद्यकीय प्रमाणपत्रे, आणि फेरचाचणी घेतली असल्यास तिची हजेरी. मूडलवरची नावे आणि परीक्षा विभागाची यादी आधी ताडून पाहा. प्रवेश रद्द केलेला विद्यार्थी कोर्समध्ये तसाच राहिलेला असतो आणि उशिरा प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी कोर्समध्ये नसतेच, हे दर सत्राला होते.

डॅश म्हणजे शून्य नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. विद्यार्थ्याने काम दिलेच नाही तर ग्रेडबुकच्या त्या रकान्यात नुसती आडवी रेघ दिसते. ‘एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स’ ही सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे मूडल असे रिकामे रकाने हिशेबातच धरत नाही.

समजा, प्रत्येकी १० गुणांच्या चार असाइनमेंट आहेत, एकूण ४० गुण, आणि सरासरीची पद्धत निवडली आहे. एका मुलाने एकच असाइनमेंट दिली आणि ९ गुण मिळवले. मूडल ९० टक्के धरते आणि त्याच्या नावावर ४० पैकी ३६ लावते. चारही असाइनमेंट वेळेवर देऊन प्रत्येकी ८ मिळवणाऱ्या मुलीचे होतात ३२. ती सेटिंग बंद केली की पहिल्या मुलाचे ९ होतात, आणि तेच खरे. ‘नॅचरल’ म्हणजे गुणांच्या बेरजेच्या पद्धतीत गुण ९ च दिसतात, पण टक्केवारी ९० येते. म्हणून तिथेही टक्क्यांवरून ग्रेड काढताना तीच फसगत होते.

यावर उपाय दोन. ग्रेडबुक सेटअपमध्ये जाऊन प्रत्येक कॅटेगरीसाठी (गुणांच्या गटासाठी) ‘एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स’ची खूण काढावी. किंवा ‘सिंगल व्ह्यू’मधून रिकाम्या जागी एकदम शून्य भरावे. दुसरा मार्ग मुदत पूर्ण संपल्यावरच वापरा. असे भरलेले शून्य ‘ओव्हररिडन’ (थेट ग्रेडबुकात हाताने भरलेले) ठरते, आणि नंतर असाइनमेंटमध्ये गुण दिले तरी ते ग्रेडबुकात येत नाहीत. सत्राच्या मध्यात कुणाचे गुण हाताने बदलले असतील तर तिथेही हेच घडलेले असते. ओव्हररिडन घरे वेगळी दाखवली जातात. ती एकेक उघडून पाहावीत. बदल कोणी आणि केव्हा केला हे ‘ग्रेड हिस्टरी’त मिळते.

शून्य टाकण्याआधी आणखी एक पाहायचे. आडवी रेघ दर वेळी विद्यार्थ्याचीच चूक असते असे नाही. क्विझमधला निबंधवजा प्रश्न तपासायचा राहिला असेल, तर त्या क्विझचे गुण येतच नाहीत. ‘मार्किंग वर्कफ्लो’ (गुण टप्प्याटप्प्याने जाहीर करण्याची सोय) चालू असेल आणि स्थिती ‘रिलीज्ड’ केली नसेल, तर तपासलेल्या असाइनमेंटचे गुणही अडून राहतात. आपले तपासणे राहिले म्हणून मुलाला शून्य मिळणे यासारखा अन्याय नाही. गैरहजेरीची नोंदही वेगळी : पोर्टलवर ‘एबी’ आणि ० या दोन निराळ्या गोष्टी असतात.

हे सगळे झाल्यावर तीन विद्यार्थी निवडा : एक वरचा, एक काठावरचा, एक काम बुडवलेला. मूल्यमापन योजना समोर ठेवून त्यांची बेरीज कागदावर करा. आकडा मूडलशी जुळला नाही तर बहुधा सरावाची एखादी क्विझ बेरजेत शिरलेली असते, किंवा सर्वांत कमी गुण वगळण्याची सूचना चुकीच्या कॅटेगरीला दिलेली असते.

ग्रेड, पूर्णांक आणि पीआरएन

मूडलची मूळ अक्षरश्रेणी वापरू नका. तिथे ९३ पासून ए सुरू होते. यूजीसीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ, ए प्लस, ए, बी प्लस, बी, सी, पी, एफ अशा पायऱ्या आहेत, आणि टक्केवारीच्या सीमा विद्यापीठ ठरवते. पोर्टल गुणच मागत असेल तर गुणच उतरवा.

पूर्णांक एकदाच करायचा, शेवटच्या बेरजेला. ६.५, ७.५ आणि ५.५ यांची बेरीज १९.५, म्हणजे २०. प्रत्येक आकडा आधी वर ढकलला तर तीच २१ होते.

फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची) असेल तर ती थेट एक्सेलमध्ये उघडू नका. काही विद्यापीठांचा पीआरएन १६ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे १५ च अंक जपते, सोळाव्या जागी शून्य येते. डेटा टॅबमधून फाईल आत घ्या आणि पीआरएनचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.

पाठवण्याची वाट

आधी विद्यार्थ्यांना आपापले गुण पाहू द्या. रकाने लपवलेले असतील तर उघडा, हरकतीसाठी निदान दोन कामाचे दिवस द्या, आणि हरकत लेखी घ्या, मेलवर चालेल. हा टप्पा घाईत गाळला जातो, पण सर्वांत जास्त चुका मुलेच दाखवून देतात. हरकती निकाली निघाल्या की कॅटेगरी आणि एकूण गुणांचा रकाना लॉक करावा, मग एक्सेल उतरवावी. पोर्टलवर भरल्यानंतर ‘कायम करा’ दाबण्याआधी छापील प्रत काढून दुसऱ्या प्राध्यापकाकडून वाचून घ्यावी : एकाने पीआरएन आणि गुण मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूडलवर पाहायचे. मग सही, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. एक प्रत परीक्षा विभागाला, एक विभागाच्या फाईलला, आणि कोर्सचा बॅकअप उतरवून विभागाच्या संगणकावर. पुढच्या सत्रासाठी कोर्स रिकामा करायचा असेल तर तो या बॅकअपनंतरच करावा.