गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात

कळसुबाई चढताना धाप लागते, घाम निघतो, शिड्यांवर तर जीव मेटाकुटीला येतो, आणि उतरायला लागलं की वाटतं चला, आता सोपं आहे. मग दुसऱ्या दिवशी घरातला साधा जिना उतरताना मांड्या इतक्या भरून आलेल्या असतात की कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागतं. बहुतेक जण खापर फोडतात चढाईवर. खरं कारण उतार असतो.

मुळात स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. कोपर वाकवायचं तर दंडाचा पुढचा बायसेप्स ओढणार, सरळ करायचं तर मागचा ट्रायसेप्स. आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रोटीनचे बारीक धागे असतात, मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, परत थोडं पुढे पकडतात, रस्सीखेचमध्ये दोर हातावर हात टाकत खेचतात ना, तसंच. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी मांडलं, एकीत अँड्र्यू हक्सले आणि दुसरीत ह्यू हक्सले (आडनाव एकच, नातं काही नाही).

आता उतरताना काय होतं बघा. पाय खाली टेकला की गुडघा वाकायला लागतो, तो एकदम वाकून आपण पडू नये म्हणून मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स जोर लावून ओढत असतो, पण वरून अख्ख्या शरीराचं वजन येतं आणि स्नायू ओढता ओढताच ताणला जातो. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. गंमत म्हणजे यात ऊर्जा कमी लागते. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून चेनने जोडल्या, एकाने पेडल मारायचं आणि दुसऱ्याने नुसता विरोध करायचा, जोर दोघांचा सारखाच, तरी विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. मला हा प्रयोग फार आवडतो, इतक्या साध्या सामानात केवढी मोठी गोष्ट कळली!

म्हणून उतरताना धाप लागत नाही, पण ताणाखाली काही तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग सूज येते आणि दुखणं हळूहळू वाढत २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होतं. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतंय असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते चूक आहे. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) तास-दोन तासांत उतरतं, आणि उतारावर तर ते चढापेक्षा कमीच तयार होतं.

नुसती जिममधली सायकल मारून ट्रेकला जाणाऱ्यांचे पण पाय म्हणूनच दुखतात, सायकलवर स्नायू असा ताणला जातच नाही. उताराची सवय उतरूनच होते आणि एकदा झाली की काही आठवडे टिकते, त्यामुळे ट्रेकच्या आठवडा-दोन आठवडे आधी बिल्डिंगचे जिने सावकाश उतरा, वर जायला लिफ्ट घेतली तरी चालेल. आणि दुखणं फारच असेल, सोबत लघवी चहासारखी गडद होत असेल, तर घरी बाम चोळत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा, स्नायू जास्त तुटले तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरून किडनीला इजा करू शकतं.