धक्क्याचे वय पाण्याच्या रेषेखाली कळते

समुद्रकाठच्या धक्क्याचे वय वरून पाहून कळत नाही. वरचे काँक्रीट धुऊन-पुसून स्वच्छ असते, कठड्याला नवा रंग दिलेला असतो, प्रवासी चाकांच्या बॅगा ओढत निर्धास्तपणे जात-येत असतात. आणि त्याच वेळी त्यांच्या पायांखाली काही मीटरवर, ओहोटीच्या सर्वांत खालच्या रेषेजवळ, धक्क्याचा भार तोलणाऱ्या पोलादी खांबाची जाडी मूळच्या निम्म्यावर आलेली असू शकते. अशा धक्क्याची डागडुजी करत राहायचे, की तो मोडीत काढून प्रवासी टर्मिनलसह नवा बांधायचा, हा निर्णय पैशांचा तर आहेच. पण त्याच्या मुळाशी रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि यंत्रशास्त्र आहे. खानदेशाला समुद्र नाही, तरी हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सरदार सरोवर धरणामुळे नर्मदेचे जे अफाट पाणी साठले आहे, तेथे धक्का बांधायचा झाला तर हेच शास्त्र लागेल.

लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. खांबाचा जो भाग समुद्रतळाच्या गाळात रुतलेला असतो तेथे प्राणवायू फारसा पोचत नाही, म्हणून तो अनेक दशके शाबूत राहतो. सतत पाण्याखाली असणारा भाग वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतो. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लाटांचे तुषार उडतात, तेथे पोलाद पुनःपुन्हा भिजते आणि वाळते, मीठ साचत जाते आणि झीज कित्येक पटींनी वाढते. या पट्ट्याची काळजी अभियंते फार पूर्वीपासून घेत आले आहेत. मात्र १९८० च्या दशकात अनेक बंदरांत असे आढळू लागले, की खरे भोक त्या पट्ट्यात पडतच नाही; ते पडते बरेच खाली, नीचतम ओहोटीच्या रेषेच्या आसपास, जिथे कोणी फारसे पाहत नव्हते.

ही झीज कशी दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पाणबुडा खांबावर चिकटलेले कालवांचे आणि शेवाळाचे थर खरवडतो, तेव्हा त्याखाली नारिंगी रंगाचे मऊ फोड दिसतात. फोड बोटाने दाबला की सहज फुटतो आणि आतून काळा लगदा निघतो. त्याचा नमुना वर आणला की सडक्या अंड्यांचा वास येतो. हा लगदा पुसून काढला, की खालचे पोलाद गंजलेले दिसत नाही, उलट चकचकीत दिसते, आणि त्यावर वाटीसारखे खळगे पडलेले असतात. हे काम जिवाणूंचे आहे. फोडाच्या आत, जिथे प्राणवायू नसतो, तेथे जिवाणूंचा एक गट समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतो. फोडाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्राणवायू मिळतो, तेथे दुसरा गट त्याच सल्फाइडचे गंधकाम्ल बनवतो. दोन्ही गट एकमेकांच्या आधाराने जगतात आणि त्यांच्या पोटापाण्यात खांबाचे पोलाद वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर, प्रसंगी त्याहूनही अधिक, खाल्ले जाते. बारा-पंधरा मिलिमीटर जाडीचा नळखांब अशा वेगाने किती वर्षे टिकेल, याचा हिशेब तोंडीही करता येतो. म्हणून जुन्या धक्क्याची तपासणी करताना पाणबुडे ध्वनिलहरींच्या उपकरणाने खांबाची उरलेली जाडी जागोजागी मोजतात आणि ते आकडेच धक्क्याचे भवितव्य ठरवतात.

काँक्रीटचे दुखणे वेगळे आहे. ताज्या काँक्रीटमध्ये आम्लारी गुण इतका तीव्र असतो, की आतील सळईवर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म संरक्षक थर आपोआप तयार होतो. समुद्राच्या मिठातील क्लोराइड वर्षानुवर्षे झिरपत सळईपर्यंत पोचले, की हा थर फुटतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते, तडकते आणि त्याचे पोपडे गळून पडतात. पोपडे पडल्यावर वरून सिमेंट लिंपणे हा जुजबी उपाय ठरतो, कारण क्लोराइड आतच राहिलेले असते.

पोलाद वाचवण्याचा एक जुना आणि सुंदर उपाय आहे. जहाजाच्या तळाला लावलेला तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा, असे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये सुचवले होते. अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. आजही धक्क्याच्या खांबांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात, ते याच तत्त्वावर. परंतु हे संरक्षण विद्युतप्रवाहावर चालते आणि प्रवाह वाहण्यासाठी पाणी लागते. पाण्याच्या वरचा भाग त्यामुळे उघडाच राहतो. त्यासाठी लेप, वेष्टन किंवा काँक्रीटचे आवरण द्यावे लागते. अशी दुरुस्ती शेकडो खांबांवर, पाण्याखाली आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून करायची म्हटली, की नाकापेक्षा मोती जड होतो.

अलास्कातील सेवर्ड बंदराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २७ मार्च १९६४ रोजी तेथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, किनाऱ्याचा मोठा पट्टा धक्क्यांसह उपसागरात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पाठोपाठ आलेल्या लाटांनी उरलेसुरले उद्ध्वस्त केले. त्यानंतर रेल्वेसाठी जो नवा धक्का उभारला गेला तोच पुढे क्रूझ जहाजांचा धक्का झाला. सुमारे सहा दशकांनंतर त्याच्या खांबांच्या गंजामुळे तो आयुष्याच्या शेवटाला आला, आणि त्याच्या जागी तरंगता धक्का व नवे टर्मिनल बांधण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. जुन्याचीच हुबेहूब प्रतिकृती न बांधता तरंगता धक्का का निवडला असावा, हे समजण्यासाठी जहाजाकडे वळले पाहिजे.

१९१२ चे टायटॅनिक २६९ मीटर लांब होते. २०२४ मध्ये प्रवासाला निघालेले आयकॉन ऑफ द सीज सुमारे ३६५ मीटर लांब असून त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी राहू शकतात. अशा अजस्र जहाजाचे प्रत्यक्ष वजन लाखभर टनांच्या घरात जाते. ते धक्क्याला टेकताना सेकंदाला दहा सेंटिमीटर, म्हणजे अगदी संथ गतीने सरकत असते. तरीही त्याची गतिज ऊर्जा सुमारे ५०० किलोज्यूल भरते. रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेला, एकूण वीस टन वजनाचा ट्रक ताशी २५ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळला तर जेवढी ऊर्जा बाहेर पडेल, तेवढी ही आहे. जहाजासोबत हलणारे पाणी धरले तर आकडा आणखी वाढतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, आणि धक्क्याला लावलेले रबराचे फेंडर ही ऊर्जा दबून जिरवतात ते म्हणूनच. जुने धक्के यापेक्षा पुष्कळ लहान जहाजांसाठी आखलेले होते.

टेकल्यानंतर प्रश्न येतो वाऱ्याचा, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. ३०० मीटर लांब आणि पाण्यावर ४० मीटर उंच अशा जहाजाची एक बाजू १२,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन एकरांची भिंतच असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर काटकोनात आला, तर तो दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलोग्रॅम भाराइतका दाब देतो. एकूण ओढ तीनशे टनांच्या आसपास जाते. हा सगळा ताण दोरखंडांतून बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटांवर, आणि बोलार्डमधून जुन्या, झिजलेल्या खांबांवर उतरतो. म्हणून नव्या आराखड्यात प्रवासी चालतात तो भाग आणि जहाज बांधले जाते ते मजबूत खांबसमूह अनेकदा वेगळे ठेवतात.

आता भरती-ओहोटी. उधाणाच्या भरतीला मुंबई बंदरातील पाणी ओहोटीच्या तुलनेत सुमारे पाच मीटरपर्यंत चढते. धक्का स्थिर असेल, तर जहाजाचे दार दिवसातून दोनदा एवढे वरखाली होते आणि प्रवाशांसाठी लावलेला जिना सतत हलवावा लागतो. तरंगता धक्का जहाजासोबतच चढतो-उतरतो. तो म्हणजे पोलादाचा किंवा काँक्रीटचा पोकळ तराफा. समजा तो २०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. आर्किमिडीजच्या नियमानुसार त्यावर ६० टनांचा भार आला, तर तो अवघा एक सेंटिमीटर खाली जाईल. किनाऱ्याशी त्याला बिजागरीच्या पुलाने जोडतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक यापेक्षा तीव्र नसावा; पाच मीटरचा फरक सामावायचा तर पूल ६० मीटर लांब लागतो, आणि किनाऱ्याकडचे टोक मधल्या उंचीवर ठेवता आले तर त्याच्या निम्मा पुरतो. भूकंपप्रवण सेवर्डला आणखी एक लाभ आहे: जमीन हादरते तेव्हा तराफा तिच्याशी घट्ट जखडलेला नसतो.

जुना धक्का काढून नवा बसवण्याचे काम हंगामाशी बांधलेले असते. अलास्कात जहाजे उन्हाळ्यात येतात, म्हणून तोडफोड हिवाळ्यात. मुंबईत पावसाळ्यात जहाजे जवळपास नसतात, पण तेव्हाच समुद्र खवळलेला असतो. खांब ठोकताना उठणारा आवाज पाण्यात दूरवर जातो आणि व्हेल, डॉल्फिन, सील यांच्या श्रवणाला इजा करू शकतो. त्यावर उपाय म्हणून खांबाभोवती तळाशी छिद्रांच्या नळ्या ठेवून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर ध्वनी परतवला जातो आणि बाहेर पोचणारा आवाज बराच कमी होतो. किनाऱ्यावर निरीक्षक बसलेले असतात आणि प्राणी जवळ आला की घण थांबतो. खर्च वाढतो, काम लांबते. तरी ही किंमत मोजलीच पाहिजे असे मला वाटते.

टर्मिनलचे गणित गर्दीचे आहे. एकेकाळी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर आगबोटीतून उतरलेला प्रवासी लगेच शेजारच्या रेल्वेत बसत असे. १९१२ च्या सुमारास सुरू झालेली पंजाब मेल तेथून भुसावळमार्गे थेट पेशावरकडे जाई. प्रवासी एकदा उतरला की विषय संपला. आज क्रूझ जहाज सकाळी तीन-चार हजार माणसे उतरवते आणि संध्याकाळपर्यंत तेवढीच दुसरी माणसे, त्यांचे सामान आणि अन्नधान्य घेऊन निघते, म्हणून येणारे व जाणारे यांचे मार्ग एकमेकांना छेदणार नाहीत अशी इमारत लागते. बॅलार्ड पिअरच्याच परिसरात सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेले मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेने आखलेले आहे. नव्या टर्मिनलांत आणखी एक सोय वाढत चालली आहे: धक्क्यावर उभ्या जहाजाने स्वतःची डिझेल यंत्रे बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची. अलास्काची राजधानी जुनो येथे २००१ मध्ये क्रूझ जहाजांसाठी अशी व्यवस्था सुरू झाली. एका मोठ्या जहाजाला दहा मेगावॅटच्या आसपास वीज लागते आणि अनेक जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्झची असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मध्ये रूपांतरक बसवावे लागतात.

हे सारे शास्त्र नर्मदेच्या काठी आणून पाहिले, की एक विलक्षण आकडा समोर येतो. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि किमान उपयुक्त पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे अक्कलकुव्यातील मणिबेलीपासून धडगावातील भुषापर्यंतच्या काठावर पाणी तब्बल २८ मीटर वरखाली होऊ शकते. मुंबईच्या उधाणाच्या पाचपटीहून जास्त, फरक इतकाच की हा चढउतार दिवसात नाही तर वर्षात होतो. पायऱ्यांचा पक्का घाट बांधला तर तो काही महिने बुडालेला राहील आणि काही महिने पाण्यापासून दूर उंचावर लटकेल. बारास एक उताराचा बिजागरी पूल ३३६ मीटर लांब लागेल, जो अशक्यप्राय आहे. ब्राझीलमधील मनाउस येथे नदीची पातळी वर्षात दहा मीटरहून अधिक बदलते आणि तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तरंगता धक्का काम देत आहे, पण २८ मीटर हे त्याच्याही पलीकडचे आहे. येथे चालेल ती रचना अशी: डोंगरउतारावर वरपासून खालपर्यंत एक खडीकाँक्रीटचा तिरपा मार्ग, त्याच्या कडेने नांगराचे खांब, आणि पाणी ओसरेल तसा साखळदंड सैल करून खाली सरकवता येणारा छोटा तराफा, ज्याचा चाकांवरचा आखूड पूल त्या मार्गावर टेकलेला राहील. गोड्या पाण्यात गंज सावकाश चढतो, ही जमेची बाजू. पावसाळ्यात उतारावरून येणारा गाळ मात्र दर वर्षी मार्गावरून काढावा लागेल, आणि पाणी वेगाने चढत असताना साखळदंड सांभाळणारा माणूस तेथे हजर असावा लागेल. या काठावरच्या पाड्यांसाठी बोटीतून दवाखाना चालवला गेला आहे. दिवस भरलेल्या बाईला चिखलातून, हाताला धरून होडीत चढवावे लागते. पहिला तराफा बांधायचा तो पर्यटकांच्या बोटीसाठी नव्हे, त्या दवाखान्याच्या बोटीसाठी.