पार्श्वभूमी : डिजिटल मोड आणि डायलवरचा आकडा

हॅम रेडिओवर डिजिटल सिग्नलची जागा सांगताना प्रत्यक्ष प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी सांगायची की संचाच्या डायलवरचा आकडा, हा वाद टेलिप्रिंटरच्या काळात नव्हता. आरटीटीवायसाठी (रेडिओवरून टेलिप्रिंटरचा मजकूर पाठवण्यासाठी) ट्रान्समीटरचा ऑसिलेटरच (लहर निर्माण करणारा भाग) मार्क आणि स्पेस या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सरकवला जाई. मार्कची फ्रिक्वेन्सी सांगितली की भागे. शिफ्ट, म्हणजे या दोहोंतले अंतर, आधी ८५० हर्ट्झ होती, पुढे १७० झाली, एवढाच काय तो फरक.

गुंता वाढला तो एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे कॅरियरची एकच बाजू प्रक्षेपित करणारे) संच सर्रास वापरात आल्यावर. २१२५ आणि २२९५ हर्ट्झचे स्वर माइकच्या वाटेने सोडले की तोच सिग्नल हवेत जातो. डायलवर मात्र दिसतो दाबून टाकलेल्या कॅरियरचा (मूळ वाहक लहरीचा) आकडा, जिथे प्रत्यक्षात काहीच प्रक्षेपित होत नसते. एलएसबीवर (लोअर साइडबँड; इथे स्वर डायलच्या आकड्यातून वजा होतो) डायल १४.०८५ मेगाहर्ट्झला असेल, तर मार्क असतो १४.०८२८७५ वर. एकाने मार्क सांगायचा, दुसऱ्याने तो डायलचा आकडा समजायचा आणि दोघांनी दोन किलोहर्ट्झ अंतरावरून एकमेकांना हाका मारत बसायचे!

पॅकेट रेडिओने (माहितीचे छोटे गठ्ठे करून पाठवण्याच्या पद्धतीने) यात भरच घातली. ३० मीटर बँडवरचे एपीआरएस (ठावठिकाणा आणि छोटे संदेश पाठवणारी पॅकेट यंत्रणा) घ्या. सांगितले जाते १०.१५१, एलएसबी, आणि बँड तर १०.१५० लाच संपतो. नवख्याला वाटावे, हे बेकायदा आहे. पण १६०० आणि १८०० हर्ट्झचे स्वर वजा केले की सिग्नल १०.१४९४ आणि १०.१४९२ वर येतो, म्हणजे हद्दीच्या आत. हाच सिग्नल यूएसबीवर (अप्पर साइडबँड; इथे स्वर डायलच्या आकड्यात मिळवला जातो) हवा असेल तर डायल १०.१४७६. २११० आणि २३१० हर्ट्झचे स्वर देणाऱ्या टीएनसीला (पॅकेटसाठी संचाला जोडायच्या मोडेमसारख्या यंत्राला) एलएसबीवर पुन्हा वेगळा आकडा, साधारण १०.१५१५. सिग्नल एक, आकडे तीन. ‘मध्य १०.१४९३’ एवढे सांगितले असते तर तिघांचेही काम झाले असते. अमेरिकेच्या नियमांत ६० मीटरचे चॅनेल असेच मध्यावरून दिले गेले: मध्य ५३३२ किलोहर्ट्झ, डायल ५३३०.५. शहाणपणाची पद्धत हीच; रुळली मात्र नाही.

संगणकाचे साउंड कार्ड आणि त्यावर चालणारा पीएसके३१ हा डिजिटल मोड आल्यावर डायलचेच पारडे जड झाले. वॉटरफॉलवर (पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर) एकाच डायलखाली अनेक सिग्नल दिसू लागले आणि जिथे बोलणे एलएसबीवर चालते त्या ४० व ८० मीटरवरही यूएसबीचा रिवाज पडला. २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ या डिजिटल मोडने उरलीसुरली चर्चा मिटवली: १४.०७४ वर डायल ठेवा, स्वर ज्याचा त्याने निवडा. डब्ल्यूएसपीआरवाले (क्षीण सिग्नल कुठवर पोहोचतो ते तपासणारा मोड वापरणारे) अजून दोन्ही आकडे देतात, डायल १४.०९५६ आणि प्रक्षेपण १४.०९७० ते १४.०९७२. एफटी८वर बोलताना सगळे १४.०७४ म्हणतात खरे, पण लॉग लिहिताना प्रोग्राम डायलमध्ये स्वर मिळवून प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सीच नोंदवतो.