मसाज गनने टेंडन लवकर जुळतो? नाही हो

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ती तुटली आणि शिवायचं ऑपरेशन झालं की कोणीतरी सांगतंच, मसाज गनचं व्हायब्रेशन घे, रक्त फिरतं, टेंडन पटकन जुळतो. बरं वाटतं हे खरंय, पण बरं वाटणं आणि जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

दुखणं कमी का वाटतं? कोपर आपटलं की आपण हाताने चोळतो ना, तसंच, कंपनाचे सिग्नल मणक्याच्या पातळीवर दुखण्याच्या सिग्नलला अडवतात, मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेली गेट थिअरी ती हीच. त्याने टाक्यांना ताकद येत नाही.

उलट पहिले काही आठवडे जपायचे असतात, कारण तेव्हा टेंडन बराचसा टाक्यांच्याच जिवावर असतो. आणि स्नायूवर किंवा टेंडनवर साधारण 100 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 100 वेळा होणारं, कंपन दिलं की तो स्नायू आपोआप आवळतो, तुम्ही ठरवलेलं नसलं तरी, म्हणजे ताण थेट टाक्यांवर. (मसाज गन तर वर ठोकेही मारते!)

मग व्हायब्रेशन फालतू का? तसंही नाही. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाला नुसता कपडा लागला तरी झिणझिण्या येतात, तेव्हा हँड थेरपिस्ट हलकं कंपन वापरतात, नसांना सवय लावायला. टेंडन मजबूत होतो तो ठरवून दिलेल्या हालचालीने आणि हळूहळू वाढवलेल्या लोडने, आणि त्याला महिने लागतात. स्प्लिंट (जुळेपर्यंत आधार देणारी पट्टी) काढून मशीन लावायचं मनात असेल तर आधी सर्जनला विचारा.