‘काही नाही गं, कादंबरी आहे नुसती’

पुस्तक मिटून पालथं ठेवायची सवय मला कित्येक वर्षं होती. जाडजूड, भारदस्त कादंबरी असली की ती सुलटी, नाव दिसेल अशी. गुलाबी मुखपृष्ठाची, हलकीफुलकी प्रेमकथा असली की पालथी. कुणी ‘काय वाचतेस?’ विचारलंच तर ‘काही नाही गं, असंच, टाइमपास.’ तरी ही पुस्तकं मी कधी सोडली नाहीत. एका रात्रीत फडशा पाडायचा, मजेत हसायचं आणि शेवटचं पान उलटल्यावर मनात काहीतरी खटकत राहायचं. आवडही खरी होती आणि चीडही. या पुस्तकांचा मागोवा घेत गेले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. मी दोन वेगळ्या भावनांची एकच गाठ मारून ठेवली होती. त्यातली पालथं पुस्तक ठेवणारी लाज उसनी होती, आणि चीड मात्र माझी स्वतःची.

ही लाज दोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनने ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी १८०३ मध्ये ‘सुझन’ या नावाने एका प्रकाशकाला १० पौंडांना विकली. त्याने ती छापलीच नाही. १८१६ मध्ये तिच्या भावाने तेवढ्याच पैशांत हस्तलिखित परत घेतलं. पुस्तक बाहेर आलं डिसेंबर १८१७ मध्ये, आणि ती स्वतः त्याच वर्षीच्या जुलैत गेली होती. त्याच्या पाचव्या प्रकरणात ऑस्टिन गोष्ट मध्येच थांबवून थेट वाचकांशी बोलते. एका तरुणीला कुणी विचारतं, काय वाचतेस? ‘काही नाही, कादंबरी आहे नुसती,’ असं म्हणत ती पुस्तक खाली ठेवते. बेफिकिरीचा आव आणून, किंवा क्षणभर ओशाळून. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले. माझाच हात पुस्तकावरून बाजूला होताना कुणीतरी पाहिला होता. ऑस्टिन तिथेच ठणकावून सांगते की माणसाच्या स्वभावाची उत्तम जाण, त्याच्या नाना छटा, विनोद, हे सगळं ज्यात सापडतं तीच ही ‘नुसती कादंबरी’.

त्या काळात कादंबऱ्या विकत घेणं फार थोड्यांना परवडायचं. वर्गणी भरून पुस्तकं घरी नेता येतील अशी वाचनालयं होती आणि त्यांच्या वाचकांत बायका मोठ्या संख्येने असायच्या. पोरींची डोकी फिरतील ही धास्तीही तेव्हाचीच. शार्लट लेनॉक्सने तर १७५२ मध्ये या धास्तीवरच एक अख्खी कादंबरी लिहिली होती. तिच्या नायिकेने जुन्या प्रेमकथा इतक्या वाचलेल्या असतात की समोर येणारा प्रत्येक पुरुष तिला एक तर प्रियकर वाटतो, नाही तर पळवून न्यायला आलेला दरोडेखोर.

इथपर्यंतचा इतिहास वाचताना मी पूर्णपणे वाचकांच्या बाजूची होते. मग गाठ पडली जॉर्ज एलियटशी. ऑक्टोबर १८५६ च्या ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’त तिने बायकांनी लिहिलेल्या खुळचट कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला, आपलं नाव न देता. तेव्हा ती अजून मेरियन इव्हान्स होती, जॉर्ज एलियट हे पुरुषी टोपणनाव तिने अजून घेतलं नव्हतं, आणि स्वतःची पहिली कथा तिने नुकतीच लिहायला घेतली होती. लेख झणझणीत आहे. नायिका जिथे जाईल तिथे सगळ्यांना दिपवून टाकते, तिचे डोळे आणि तिची बुद्धी दोन्ही सारखेच चमकतात, आणि कामासाठी घाम गाळणारं माणूस त्या पुस्तकांत औषधालाही सापडत नाही, अशी तिची तक्रार. पण तिचा रोख बायकांनी लिहिण्यावर नव्हता. समीक्षकांवरही तिने तेवढाच राग काढला आहे. बाई सुमार लिहिते तोवर कौतुकाला नुसता ऊत येतो, ती बरं लिहू लागली की ते कोमट होतं, आणि खरोखर उत्तम लिहिलं की पार गोठतं, असं ती म्हणते. प्रेमाने वाचणाऱ्या माणसाने केलेली टीका कशी असते ते मला या लेखात दिसलं. तिला या पुस्तकांकडून अपेक्षा होती, म्हणून ती चिडली होती.

विसाव्या शतकात या कथांचा धंदा उभा राहिला. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ मध्ये लंडनमध्ये काढलेली ‘मिल्स अँड बून’ ही प्रकाशन कंपनी आधी सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. प्रेमकथांवर ती एकवटली १९३० च्या दशकात. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्लेक्विन’ने १९५७ पासून तिची पुस्तकं पुन्हा छापायला सुरुवात केली आणि १९७१ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. हार्लेक्विनची सूत्रं त्याच सुमारास ज्यांच्या हातात आली ते लॉरेन्स हायसी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून आले होते. साबण-पावडर खपवण्याचं तंत्र त्यांनी पुस्तकांना लावलं. लेखिकेच्या नावापेक्षा छाप महत्त्वाची. प्रत्येक पुस्तकाची चव तीच, आणि ते मिळणार जिथे बायका रोजची खरेदी करतात तिथेच. हे वाचल्यावर माझ्या चिडीचं एक मूळ हाती लागलं. साबणाच्या प्रत्येक वडीला सारखाच वास यावा यात काही गैर नाही, पण कादंबऱ्यांना सारखाच वास यायला लागला की वाचणाऱ्याचं नाक कधीतरी कंटाळतंच.

अर्थात कंटाळा न येता वर्षानुवर्षं वाचणाऱ्या बायका होत्याच, आणि त्यांना जाऊन विचारण्याचं काम केलं जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी. त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये पुस्तकरूपाने आला. एका गावातल्या पुस्तकाच्या दुकानाशी जोडलेल्या या वाचक बायकांचं गाव त्यांनी ‘स्मिथटन’ या बदललेल्या नावाने लिहिलं आहे. कथेत काय आहे यापेक्षा वाचण्याची कृती काय करते, याबद्दल त्या बायका जास्त बोलल्या. दिवसभर नवरा, मुलं, घर. हातात पुस्तक घेतलं की तेवढा वेळ आपला. बाकीच्यांना कळतं की आत्ता हिला हाक मारायची नाही. यातल्या बऱ्याच जणी पुस्तक घेण्याआधी शेवट वाचून बघायच्या, आणि शेवट दुःखाचा असेल तर पुस्तक परत ठेवायच्या. हे वाचून मी तेव्हा नाक मुरडलं होतं. शेवट आधीच वाचायचा तर मग वाचायचं कशासाठी?

आता येते ती पिढी जिच्यावर मी वाढले. २८ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ दैनिकात ब्रिजेट जोन्स नावाच्या एका काल्पनिक, तिशीतल्या एकट्या बाईची डायरी सदर म्हणून सुरू झाली. सुरुवातीला त्यावर लेखिकेचं नाव नसायचं. ती होती हेलन फील्डिंग. १९९६ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि त्याचा सांगाडा तिने उघडपणे ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून घेतला. नायकाचं आडनावही तिथल्यासारखंच, डार्सी. आयरिश लेखिका मॅरियन कीज यांची पहिली कादंबरीही १९९५ चीच. ‘चिक लिट’ हे नाव त्याच वर्षी एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर आलं होतं. चिक म्हणजे पिल्लू, बोलीभाषेत तरुण पोरगी, आणि लिट म्हणजे लिटरेचर, साहित्य. क्रिस माझा आणि जेफ्री डीशेल या संपादकांनी ते मुद्दाम डिवचण्यासाठी वापरलं होतं, आणि संग्रहातल्या कथा चांगल्याच प्रयोगशील होत्या. बाजाराने त्यातलं डिवचणं काढून टाकलं आणि फक्त लेबल ठेवलं. चार कृष्णवर्णीय मैत्रिणींची गोष्ट सांगणारी टेरी मॅकमिलन यांची ‘वेटिंग टु एक्झेल’ तर १९९२ मध्येच आली होती. या प्रकाराची जन्मकथा सांगताना मात्र तिचं नाव हमखास गाळलं जातं, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

ब्रिजेटच्या डायरीतली पहिलीच नोंद बघा. १ जानेवारी. वजन ९ स्टोन ३ पौंड, दारूची १४ युनिटं, २२ सिगारेटी, ५४२४ कॅलरी. विशीत हे वाचून मी खो खो हसले होते. पुढे कधीतरी हिशोब केला तर ते वजन भरलं साडेअठ्ठावन्न किलो. इतक्या वजनाची बाई स्वतःला जाडी समजते आणि मी तिच्यासोबत मान डोलावत होते! त्या दिवशी ते पुस्तक माझ्या मनातून उतरलं. पण मग मी ते पुन्हा नीट वाचलं. अठरा वर्षांच्या धडपडीनंतर ब्रिजेट एकदाची ८ स्टोन ७ पौंडांवर येते, आणि तिला पाहणाऱ्यांना ती थकलेली, ओढलेली वाटते. टॉम हा मित्र सांगतो की तू आधीच बरी दिसायचीस. अठरा वर्षांची आकडेमोड पाण्यात. फील्डिंगला नेमकं ठाऊक होतं ती कशाला हसते आहे. तिच्यामागून आलेल्या ढीगभर पुस्तकांनी वजनकाटा तेवढा उचलला आणि टॉमचं वाक्य मागे सोडून दिलं. माझी चीड आहे ती इथे.

सोफी किन्सेला यांची शॉपोहोलिक मालिका २००० मध्ये सुरू झाली. तिची नायिका पैशांवर लेख लिहिणारी पत्रकार आणि स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली. बँकेची पत्रं कादंबरीत जशीच्या तशी छापली आहेत. त्या पत्रांचा सौजन्यपूर्ण सूर आणि तिच्या एकाहून एक थापा, हे विनोदाचं फार सफाईदार काम आहे. तरी २००८ च्या मंदीनंतर ती पत्रं वाचताना माझं हसू अर्ध्यावर अडलं. तिच्यासारखं बुडालेल्या कितीतरी जणींना शेवटच्या प्रकरणात कुणी हात देणार नव्हतं.

ऑगस्ट २००१ मध्ये ज्येष्ठ ब्रिटिश कादंबरीकार बेरिल बेनब्रिज यांनी बीबीसी रेडिओवर या लेखनाला नुसता फेस म्हटलं. तितक्याच ज्येष्ठ लेखिका डोरिस लेसिंग यांनी दुजोरा दिला आणि वर म्हणाल्या की दारू पिऊन वजनाची काळजी करत बसणाऱ्या असहाय मुलींऐवजी या लेखिकांनी आपलं आयुष्य स्वतःला खरोखर जसं दिसतं तसं लिहावं. लेसिंग यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग मला पटतो. पण कीज यांची १९९७ मधली ‘रेचेल्स हॉलिडे’ त्यांच्या हाताला लागली असती तर? नायिका व्यसनमुक्ती केंद्रात येते ती आपल्याला काही झालेलंच नाही अशा खात्रीने. वाचणारालाही पहिली कित्येक पानं तिचंच खरं वाटतं. मग एकेक माणूस समोर येऊन सांगू लागतो आणि तिच्या नजरेतून पाहिलेलं सगळं जग सरकतं. कीज स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आल्या आहेत आणि त्याबद्दल उघडपणे बोलतात. आयुष्य जसं दिसतं तसं लिहिणं याहून वेगळं काय असतं?

मुखपृष्ठांनी यात फार नुकसान केलं. उंच टाचेचा बूट, पर्स, दारूचा निमुळता ग्लास, वळणदार अक्षरं, आणि सगळीकडे गुलाबी. आत शोक असो, व्यसन असो की घरातली मारहाण, वरचा वेष एकच. त्याच १९९५ मध्ये निक हॉर्नबी यांची ‘हाय फिडेलिटी’ आली होती. रेकॉर्डचं दुकान चालवणारा तिशीतला पुरुष, फसलेली प्रेमप्रकरणं, स्वतःला सतत याद्या करून मोजण्याची खोड. ब्रिजेटचा हा सख्खा भाऊच. अशा पुस्तकांना ‘लॅड लिट’, म्हणजे पोरांचं साहित्य, म्हणून बघितलं पण ते नाव फारसं चिकटलं नाही, आणि ती कादंबरी पालथी ठेवलेली मी कधी पाहिली नाही. २००६ मध्ये अमेरिकेत तर दोन कथासंग्रह एकमेकांसमोर उभे राहिले. एकाचं नाव ‘हे चिक लिट नाही’ अशा अर्थाचं, दुसऱ्याचं ‘हे चिक लिट आहे’ अशा अर्थाचं. दोन्हींत लिहिणाऱ्या बायकाच.

पुढे बाजार तुंबला, लेबल प्रकाशकांनाच नकोसं झालं, आणि आता तेच पुस्तक ‘रॉम-कॉम’ म्हणून चित्रमय मुखपृष्ठ घालून येतं. फरक नुसत्या नावाचा नाही. २०१८ मधल्या हेलन होआंग यांच्या पहिल्या कादंबरीची नायिका स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि लेखिकेलाही स्वतःच्या स्वमग्नतेचं निदान मोठेपणीच झालं. २०२० मधल्या एमिली हेन्री यांच्या ‘बीच रीड’मध्ये प्रेमकथा लिहिणारी नायिका आणि ‘साहित्यिक’ लिहिणारा नायक एकमेकांचा प्रकार लिहून दाखवायची पैज लावतात. आपल्या पुस्तकांतल्या बायकांच्या जागी पुरुष घातले तर लोक त्यांना नुसतं ‘कादंबरी’ म्हणतील, असं ती त्याला सुनावते. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

गेल्या वर्षी आई इस्पितळात होती. रात्री तिच्या खाटेशेजारी बसायची पाळी माझी. घरातून निघताना हाताला लागेल ते पुस्तक पिशवीत टाकलं होतं, आणि ते निघालं असंच एक. मिणमिणत्या दिव्यात मी ते उघडलं आणि आधी शेवटचं पान काढलं. ते दोघं भेटतात, एवढं बघून घेतलं. आईने डोळे उघडून विचारलं, ‘काय वाचतेस?’ मी मुखपृष्ठ तिच्याकडे वळवून नाव सांगितलं. ‘मोठ्याने वाच,’ ती म्हणाली. मग मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.